बसवायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत

प्रश्न: भांडुप पश्चिमेला टेकडीवरच्या वस्तीत आमचं मंडळ आहे. समाजमंदिराची एक खोली आमच्या ताब्यात आहे. वस्तीत आठवी ते बारावीची साठेक मुलं आहेत. शाळेत कॉम्प्युटर लॅब आहे, पण शाळा सुटली की मुलांकडे काहीच नाही. आमदार निधीतून वस्तीत फ्री वायफाय लावून घ्यावा, की मुलांना टॅब आणि रिचार्ज मिळवून द्यावेत? अमेरिकेत सरकारी पैशातून मुलांना घरी न्यायला हॉटस्पॉट देतात असं वाचलं. आपल्याकडे असा कुठला निधी आहे का? अर्ज कसा करायचा?

उत्तर: निधी आहे, आणि तो एका नाही, चार-पाच ठिकाणी आहे. अडचण अशी की त्यातला बहुतेक पैसा वस्तू बसवण्यासाठी असतो. खांब, राउटर, टॅब, संगणक, फलक, नारळ. दर महिन्याचं बिल आणि संध्याकाळी कुलूप उघडणारा माणूस यांच्यासाठी पैसे मागितले की प्रत्येक कार्यालय शेजारच्या कार्यालयाचा पत्ता सांगतं. म्हणून ‘फ्री वायफाय द्या’ असा अर्ज करू नका. ‘ही खोली रोज संध्याकाळी चार तास उघडी राहील, तिच्यात तीस मुलं बसतील, आणि त्याला वर्षाला इतका खर्च येईल’ असा अर्ज करा. मी शाळांमध्ये आणि संस्थांच्या अभ्यासिकांमध्ये नेटवर्क बसवतो आणि नंतर ते चालू ठेवतो. बसवणं दोन दिवसांत होतं. चालू ठेवणं हेच खरं काम.

एक दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. समाजमंदिराच्या भिंतीवर लोखंडी पेटी, पेटीत बंद पडलेला राउटर, खाली कुणाच्या निधीतून काम झालं त्याचा संगमरवरी फलक. फलक ठणठणीत असतो. राउटरही बिघडलेला नसतो. पहिल्या वर्षाचं बिल ठेकेदाराने भरलेलं असतं, दुसऱ्या वर्षाचं कुणी भरायचं हे कागदावर कुठेच नसतं, एवढंच.

आधी गरज सिद्ध करण्याबद्दल, कारण पहिला आक्षेप तिथेच येणार. साहेब म्हणतील, आता घरोघरी इंटरनेट आहे. त्यांचं म्हणणं आकड्यांच्या हिशेबाने खोटं नाही. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या जेमतेम २४ टक्के घरांत इंटरनेट होतं, शहरांत ४२ टक्के. २०२५च्या जानेवारी ते मार्चमध्ये झालेल्या केंद्राच्या दूरसंचार पाहणीत हाच देशाचा आकडा ८६ टक्क्यांच्या वर गेला. पण या पाहण्या घर मोजतात, मूल मोजत नाहीत. घाटकोपरच्या एका वस्तीत दहावीतली मुलगी भेटली होती. वडील पवईच्या सोसायटीत वॉचमन, सकाळी आठ ते रात्री आठ ड्युटी. घरात स्मार्टफोन एकच, तो त्यांच्या खिशात. गणिताच्या बाईंनी संध्याकाळी ग्रुपवर टाकलेले फळ्याचे फोटो तिला रात्री साडेनऊला दिसायचे. तोवर बॅटरी संपत आलेली आणि दिवसाचा दीड जीबी ड्युटीतच उडालेला. डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. एकेक फोटो उतरेपर्यंत ती वहीत तारीख घालून, समास आखून बसायची. पाहणीवाला त्या घरी गेला असता तर ‘इंटरनेट आहे’ या रकान्यात बरोबरची खूण झाली असती.

त्यामुळे देशाची टक्केवारी घेऊन साहेबांसमोर जाऊ नका, स्वतःची पाहणी घेऊन जा. ती एका रविवारात होते. तीनच गोष्टी विचारा. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात घरातला फोन कुणाच्या हातात असतो? गेल्या महिन्यात रिचार्ज संपल्यावर किती दिवस तसेच गेले? आणि मूल अभ्यासाला नेमकं कुठे बसतं? हे प्रश्न आईला विचारा, वडिलांना विचारलंत तर ‘फोन आहे की’ एवढंच उत्तर मिळेल. साठ घरांचे असे तीन-तीन उत्तरांचे कागद एकत्र टाचून दिले की टेबलापलीकडच्या माणसाला वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

आता रिचार्ज वाटायचे की खोली चालवायची, ते पैशात बघू. दिवसाला दीड जीबीचा महिन्याचा पॅक आजघडीला तीनशे रुपयांच्या आसपास पडतो. त्याचा महिना अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. अंदाजपत्रक करणारा कारकून हमखास बारा धरतो आणि शेवटचा महिना, तोही नेमका मार्चमधला, उघडा पडतो. साठ मुलं, तीनशे रुपये, तेरा वेळा: दोन लाख चौतीस हजार. एवढे खर्चूनही फोन वडिलांच्याच खिशात राहणार. आणि पडताळणीच्या वेळी ‘डेटा अभ्यासाला वापरला का’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसणार. टॅबचंही तेच. मुंबई महापालिकेने २०१५ पासून आठवीच्या मुलांना टॅब दिले. अभ्यासक्रम आत भरलेला असल्याने दप्तराचं ओझं कमी करायला ती कल्पना ठीक होती. पण टॅब म्हणजे जोडणी नव्हे. त्याला बॅटरी, दुरुस्ती आणि डेटा लागतोच, आणि ते तिन्ही पुन्हा महिन्याच्या खर्चात येतात.

खोलीचा हिशेब असा. मुंबईत शंभर एमबीपीएसची घरगुती फायबर लाइन जीएसटी धरून हजाराच्या आत मिळते. संस्थेसाठी किंवा सार्वजनिक वापरासाठी ती जास्त पडेल, म्हणून दोन हजार धरा. वीज दीड हजार. दुरुस्ती, माउस, चार्जर अशी किरकोळ हजार रुपये. आणि संध्याकाळी पाच ते नऊ खोली सांभाळणाऱ्या ताईंना किंवा दादांना दहा हजार. महिन्याला साडेचौदा हजार, वर्षाला एक लाख चौऱ्याहत्तर हजार. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण बघा, इंटरनेटचा वाटा या खर्चाच्या सातव्या हिश्श्याइतकाही नाही. महाग आहे तो माणूस. आणि बहुतेक प्रस्तावांत नेमका माणूसच नसतो, कारण ‘मानधन’ हा शब्द दिसला की फाइल अडते या भीतीने तो गाळलेला असतो. मग मंडळातली पोरं पाळीपाळीने किल्ली सांभाळतात, गणपती येतात, किल्ली कुणाच्या तरी खिशात राहते आणि खोली बंद पडते.

खोलीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. दहा बाय बाराच्या घरात टीव्ही, स्वयंपाक, पाहुणे आणि लहान भावंडं यांच्यामध्ये बसून कुणी बावीस मिनिटांचा पाठ बघू शकत नाही, डेटा कितीही असो. वरळीच्या अभ्यास गल्लीत मुलं पिढ्यान् पिढ्या रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यासाला येतात ती उजेडासाठी आणि शांततेसाठी. आजच्या अभ्यासाला त्या दोन्हींच्या जोडीला इंटरनेट लागतं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी ॲपवर नेतो, पुस्तक हरवलं तर ई-बालभारतीवरून उतरवून घेता येतं, अकरावीचा प्रवेश ऑनलाइन, सीईटीनंतरची कॅप ही प्रवेशफेरी ऑनलाइन, शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. दहावीचा निकाल लागला की सायबर कॅफेवाला एकेक फॉर्म भरायचे किती घेतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे पसंतीक्रमात कॉलेज चुकीचं पडलं तर मुलाचं वर्ष त्या चुकीभोवती फिरतं. अभ्यासिकेच्या अर्जात या फॉर्मांचा उल्लेख ठळक करा. नगरसेवक असो की आमदार, फॉर्म भरून देणारी खोली त्यांना लगेच कळते.

मुलींचा विचार मात्र वेगळा करावा लागेल. तुमच्या टेकडीवर रात्री आठनंतर पायऱ्यांवर दिवे असतात का? नसतील तर नववीच्या पुढच्या मुली सातला घरी परततील आणि सहा महिन्यांनी तुमच्या नोंदवहीत फक्त मुलांची नावं उरतील. दोन उपाय उपयोगी पडतात. दुपारी तीन ते सहा असं एक सत्र मुलींसाठी राखून ठेवा, आणि खोली सांभाळायला शक्यतो वस्तीतलीच बाई नेमा. ज्यांना तेही जमत नाही अशा पाच-सात मुलींसाठी ग्रंथालयातून पुस्तक नेतात तसं आठवड्याच्या बोलीवर डोंगल घरी न्यायला द्या. कागदोपत्री ते थोडं किचकट आहे. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीच्या नावावर सिम मिळत नाही, आणि संस्थेच्या नावावर घेतलं तरी वापरणाऱ्याची केवायसी द्यावी लागते. म्हणून सिम आईच्या नावावर, डोंगल मंडळाच्या मालकीचं आणि मध्ये एक साधं हमीपत्र. सगळ्या साठ मुलांसाठी हा मार्ग धरू नका, सांभाळता सांभाळता दमाल.

आता पैसा कुठे आहे ते.

खोलीसाठी अर्ज करण्याआधी शाळेकडे बघा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत शाळेच्या आयसीटी, म्हणजे संगणक लॅबसाठी एकदाच ६.४० लाखांपर्यंत आणि पुढची पाच वर्षं दरवर्षी २.४० लाखांपर्यंत अशी तरतूद आहे. चालू खर्च मुळातच लिहून ठेवलेल्या ज्या मोजक्या योजना आहेत, त्यातली ही एक. देशातल्या शाळांपैकी इंटरनेट असलेल्या शाळांचं प्रमाण यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात २०२३-२४ मध्ये ५३.९ टक्के होतं, पुढच्या वर्षी ६३.५ झालं. म्हणजे लाइन शाळेपर्यंत येते आहे. पण ती संध्याकाळी सहानंतर कुणासाठी चालू असते? बिल चोवीस तासांचं, वापर सहा तासांचा. जवळच्या महापालिका शाळेची एक खोली संध्याकाळी मिळाली तर तुमचा लाइनचा आणि विजेचा खर्च वाचतो. पूर्वउदाहरण हवं असेल तर मुंबईत रात्रशाळांची मोठी परंपरा आहे, आणि त्यातल्या कित्येक महापालिका शाळांच्या इमारतींतच संध्याकाळी भरतात. इमारत, वॉचमन, शौचालय, दिवे, सगळं तेव्हा चालूच असतं. अशा शाळेत अभ्यासिकेला एक वर्ग मागणं सोपं पडतं. जिथे रात्रशाळा नाही तिथे अडतं ते शौचालयाच्या किल्लीवर आणि ‘काही मोडलं तर जबाबदार कोण’ या प्रश्नावर. त्याचं उत्तर अर्जासोबतच लिहून द्या, मुख्याध्यापकांना ते तोंडी विचारायला लावू नका. परवानगी मुख्याध्यापकांच्या हातात नसते, ती शिक्षण विभागाकडून येते. त्यांची शिफारस मात्र लागतेच.

आमदार निधी वर्षाला पाच कोटींचा आहे, खासदार निधीही तेवढाच. दोन्ही टिकाऊ, सार्वजनिक मालमत्तेसाठी आहेत, आवर्ती म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या खर्चाला चालत नाहीत. त्यातून खोलीची दुरुस्ती, वायरिंग, टेबलं, संगणक, यूपीएस मागा. एक युक्ती कायदेशीर आहे आणि ती वापराच: संगणक आणि नेटवर्कची सामग्री घेताना पाच वर्षांची जागेवर सेवा देणारी वॉरंटी खरेदीच्या किमतीतच धरून घ्या. देखभालीचा मोठा भाग तिथेच सुटतो. इंटरनेटचं तीन वर्षांचं बिल आगाऊ भरून ते भांडवली खर्चात दाखवायचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. तसं करू नका, लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि पुढच्या माणसाची वाट बंद होते.

तुमच्यासाठी जिल्हा नियोजन समिती म्हणजे मुंबई उपनगरची, वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातली. तिथे नावीन्यपूर्ण योजना नावाचं शीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं असतं. अभ्यासिका तिथे बसू शकते, पण कार्यान्वयन यंत्रणा सरकारी लागते, म्हणजे महापालिका किंवा शिक्षण विभाग तुमच्या पुढे उभा हवा. महापालिकेचं स्वतःचं अंदाजपत्रक २०२५-२६ मध्ये ७४ हजार कोटींच्या वर होतं आणि शिक्षणाचं चार हजार कोटींच्या घरात. तुमचे पावणेदोन लाख त्यात धुळीच्या कणाएवढे. रक्कम छोटी आहे म्हणून काम सोपं होतं असं मात्र नाही. उलट, छोट्या रकमेला स्वतःचं लेखाशीर्ष नसतं आणि तिच्यासाठी कुणी नस्ती चालवत नाही. म्हणून एकट्याच्या खोलीसाठी जाऊ नका. भांडुप ज्यात येतं त्या महापालिकेच्या एस विभागातल्या आठ-दहा मंडळांनी मिळून एकच मागणी केली तर ती ‘योजना’ होते, आणि योजनेला शीर्ष मिळू शकतं.

दरवर्षी नियमाने येणारा एक पैसा लोक विसरतात, तो ग्रंथालय अनुदानाचा. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गानुसार वार्षिक अनुदान मिळतं. नवी मान्यता मिळवायच्या मागे लागू नका. जवळपास मान्यता असलेलं आणि वाचक आटलेलं ग्रंथालय शोधा. त्यांना वाचक हवे असतात, तुम्हाला ग्रंथपाल आणि वीज मीटर. मीटरवरून आठवलं: भांडुपला वीज महावितरणची. तुमच्या खोलीचा मीटर व्यापारी वर्गात असेल तर वाचनालय आणि अभ्यासिका म्हणून ‘सार्वजनिक सेवा’ वर्गात बदलून मागा. बिलात फरक पडतो.

माणसाच्या मानधनासाठी माझ्या मते सर्वांत सरळ वाट कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे सामाजिक कामांसाठीच्या पैशाची आहे. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्या यादीत आहे. इथे प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालू ठेवता येतो, म्हणजे आवर्ती खर्चाला जागा आहे. व्यवस्थापन खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा असते, पण अभ्यासिका सांभाळणाऱ्या ताईंचं मानधन हा प्रकल्पाचा खर्च आहे, व्यवस्थापनाचा नव्हे. अर्जात तो त्याच रकान्यात लिहा. मंडळाची नोंदणी न्यास किंवा संस्था म्हणून आहे का, १२अ आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या आहेत का, सीएसआरचा पैसा घ्यायला लागणारा सीएसआर-१चा क्रमांक घेतलाय का, हे आधी तपासा. नसेल तर ज्यांच्याकडे आहे अशा संस्थेचं बोट धरा.

केंद्राचा मोठा निधी म्हणजे डिजिटल भारत निधी. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून त्यासाठी पाच टक्के घेतले जातात. आधी तो सार्वत्रिक सेवा दायित्व निधी होता आणि त्याचा रोख गावखेड्यांकडे होता. २०२३च्या दूरसंचार कायद्यात ग्रामीण आणि दुर्गम भागांच्या जोडीला सेवा कमी पोचलेले शहरी भागही आले. तुमच्या टेकडीला कायद्याच्या भाषेत पहिल्यांदा जागा मिळाली, असं म्हणायला हरकत नाही. पण मंडळाने अर्ज करावा आणि चेक यावा अशी ती रचना नाही. पैसा मुख्यतः भारतनेट, म्हणजे गावांपर्यंत फायबर नेण्याची योजना, आणि मोबाइल टॉवर यांच्या कामांत जातो, मोठ्या यंत्रणांमार्फत. खासदारांना प्रश्न विचारायला लावण्यासाठी हा मुद्दा हाताशी ठेवा, अंदाजपत्रकात धरू नका.

अमेरिकेचं तुम्ही वाचलंत ते खरं होतं, आता चित्र बदललं आहे. तिथे १९९६च्या कायद्यातून ई-रेट योजना आली. दूरसंचार सेवांवरच्या आकारणीतून शाळा आणि ग्रंथालयांच्या इंटरनेटला सवलत मिळते. ती शाळेच्या आवारापुरती होती. कोरोनाकाळात २०२१ मध्ये सात अब्ज डॉलरच्या वरचा वेगळा आपत्कालीन निधी काढून मुलांच्या घरापर्यंत जोडण्या दिल्या. तो निधी २०२४च्या जूनमध्ये संपला. जुलैमध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने घरी न्यायचे हॉटस्पॉट ई-रेटमध्येच बसवले, आणि २०२५च्या सप्टेंबरअखेर त्याच आयोगाने तो निर्णय मागे घेतला. बाजूने आणि विरोधात बोलणाऱ्यांचा वाद मूळ कायद्यातल्या ‘वर्गखोली’वर होता: मुलाचं घर ही वर्गखोली होते का? आपल्याकडे एखादा शासन निर्णय करून घ्यायची वेळ आली तर ‘शाळेत’ लिहू नका, ‘विद्यार्थ्यांसाठी, शाळेच्या वेळेबाहेरही’ असं लिहून घ्या.

न्यायालयाचा आधार द्यायचा असेल तर केरळ उच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल द्या. वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल बंदी होती. न्यायालयाने इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. तुमच्या अर्जातली वेळही जवळपास तीच आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मध्ये गरीब मुलांना उपकरणं आणि इंटरनेट पुरवायला सांगितलं होतं, पण त्याला पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. त्यावर भिस्त ठेवू नका.

खांबावरच्या वायफायबद्दल थोडक्यात. मुंबईत २०१७च्या जानेवारीत पाचशे ठिकाणी सरकारी वायफाय सुरू झाला, बाराशेचं उद्दिष्ट होतं. चौकात उभ्या माणसाला मेसेज पाठवायला तो ठीक, पण चौकात बसून भूमितीचा पाठ कोण बघणार? उलट २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेला रेल्वे स्टेशनचा वायफाय बघा. एर्नाकुलम स्टेशनवरच्या एका हमालाने त्याच्यावर अभ्यास करून २०१८ मध्ये केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पार केली. स्टेशनला बाकडं असतं, दिवा असतो, छप्पर असतं, कुणी हाकलत नाही.

पीएम-वाणी हा मात्र तुमच्या कामाचा मार्ग आहे. २०२०च्या डिसेंबरमध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या रचनेत कुणीही दुकानदार किंवा संस्था परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देऊ शकते. घरगुती लाइन अख्ख्या वस्तीला वाटणं नियमात बसत नाही, हे बसतं. कंपन्या अशा केंद्रांकडून वाट्टेल तो व्यावसायिक दर मागत असत. २०२५च्या जूनमध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने त्याला मर्यादा घातली: दोनशे एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती प्लॅनच्या दुपटीपेक्षा जास्त नाही. मी दोन हजार धरले ते म्हणूनच. संध्याकाळी मुलांना फुकट आणि बाकीच्या वेळी मोठ्यांना कूपन, असंही करता येईल. त्या उत्पन्नावर मात्र फार विसंबू नका.

तांत्रिक बाजू सोपी आहे. तीस मुलांनी एकदम मध्यम दर्जाचा व्हिडिओ लावला तरी पन्नास एमबीपीएसच्या आत भागतं, त्यामुळे मोठ्या वेगाच्या लाइनवर पैसे घालू नका. घरगुती राउटर तीस उपकरणांना दमतो, छताला लावायचा चांगला ॲक्सेस पॉइंट घ्या. पावसाळ्यासाठी दुसरी लाइन हवी, पण टेकडीवर दोन कंपन्यांच्या वायरी शेवटच्या शंभर मीटरला एकाच खांबावरून येतात, फांदी पडली की दोन्ही जातात. दुसरी सोय मोबाइल नेटवर्कवरचीच ठेवा. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांना ओटीपी येणार नाही, म्हणून सात-आठ जुने, दुरुस्त केलेले संगणक खोलीत हवेतच. मुलांच्या आधारच्या झेरॉक्स गोळा करू नका. नाव, इयत्ता, आल्याची आणि गेल्याची वेळ एवढी नोंद पुरे. २०२३च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, ती प्रवेशाच्या कागदावरच घ्या.

नोंदवही मन लावून ठेवा. उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे निधी कसा वापरला ते सांगणाऱ्या कागदात, राउटर किती बसवले ते सगळेच लिहितात. तुम्ही ‘खोली किती संध्याकाळ उघडी होती आणि किती मुलं किती तास बसली’ ते लिहा. दुसऱ्या वर्षीचा पैसा त्याच पानावर मिळतो.

वेळापत्रक पाळा. महापालिका आयुक्त अंदाजपत्रक ५ फेब्रुवारीपर्यंत मांडतात, जिल्हा नियोजनचे आराखडेही हिवाळ्यातच ठरतात. जानेवारीत दिलेलं निवेदन फक्त आवक-जावकच्या शिक्क्यापुरतं असतं. दिवाळीच्या आत पाहणीचे कागद, खोलीच्या ताब्याचं पत्र, मुख्याध्यापकांची शिफारस आणि एकपानी अंदाजपत्रक असा संच तयार ठेवा. अंदाजपत्रकात दोन रकाने करा, एकदाचा खर्च आणि दरवर्षीचा खर्च, आणि दरवर्षीच्या प्रत्येक ओळीपुढे तो कोण भरणार त्याचं नाव घाला. एखाद्या ओळीपुढे नाव सुचत नसेल तर उद्घाटनाची तारीख ठरवू नका.